रायगडचे शिल्पकार हिरोजी इंदुलकर

वास्तू बांधविणाऱ्याचे नाव इतिहासात राहते आणि प्रत्यक्ष बांधणाऱ्याचे नाव चुन्याबरोबर भिंतीत गडप होते, असा जगाचा अनुभव आहे. आपल्या कोकणपट्टीत जी असंख्य देवळे, तळी आणि जंजिरे आपण पाहतो, त्यांतील बहुतेकांच्या कारागिरांची नावे आज कोणालाही सांगता येणार नाहीत. या नियमाला आपल्याच जिल्ह्यात एक ठळक अपवाद आहे. ज्या गडाचे नाव 1981 साली जुन्या कुलाबा जिल्ह्याला मिळाले, त्या रायगडाचे शिल्पकार हिरोजी इंदुलकर हे होत. अशा पुरुषावर एका ज्ञातीने हक्क सांगू नये. परंतु त्याचे स्मरण प्रत्येक ज्ञातीने अवश्य करावे, या भावनेने हा अल्पसा परिचय सादर करीत आहे.

सन 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर घेतला. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,700 फूट उंच, चोहोबाजूंनी ताशीव कडे आणि माथ्यावर विस्तीर्ण सपाटी, असे हे स्थळ राजधानीस सर्वथा योग्य होते. तथापि स्थळ योग्य असणे निराळे आणि तेथे नगर वसविणे निराळे. वर ना पुरेसे पाणी, ना इमारतीस सिद्ध दगड, ना चढण्यास धड वाट. कोकणातील पाऊस चार महिने काम चालू देत नाही, आणि उरलेल्या आठ महिन्यांत तहान भागविण्याची चिंता. हे कार्य महाराजांनी हिरोजींच्या हाती सोपविले. सिंधुदुर्गाच्या बांधणीचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते.

सन 1671-72 च्या सुमारास महाराजांनी निरनिराळ्या गडांच्या बांधकामासाठी 1,75,000 होनांची तरतूद केली. त्यांपैकी 50,000 होन एकट्या रायगडासाठी होते. या द्रव्याचा विनियोग कसा झाला, हे आजही गडावर डोळ्यांनी पाहता येते. गंगासागरासारखे तलाव खोदताना निघालेला दगड इमारतींच्या कामी आला; म्हणजे एकाच श्रमात दगडाची खाणही झाली आणि पाण्याची सोयही झाली. महादरवाजा दोन भव्य बुरुजांच्या बेचक्यात असा बसविला आहे की खालून येणाऱ्या शत्रूस तो जवळ येईपर्यंत दृष्टीसही पडू नये. बाजारपेठेच्या दोन सरळ ओळी, त्यांमधील प्रशस्त रस्ता, उंच जोती, राजसभा आणि तिच्यासमोरील नगारखाना, ही सारी रचना अगोदर आखून मगच बांधलेली आहे. नगारखान्यापाशी काढलेला हलका आवाजही सिंहासनाच्या जागी ऐकू येतो, हे सहलीस नेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनी कितीदा तरी करून पाहिले आहे.

सन 1674 च्या उन्हाळ्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा चौलवरून रोह्याशेजारच्या अष्टमीस आला आणि तेथून निजामपूरमार्गे पाचाडास पोहोचला. आपल्या किनाऱ्यावरील लोकांना ही वाट पायाखालची आहे. त्याच वर्षी 6 जून रोजी गडावर राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यास जमलेल्या अफाट समुदायाला हिरोजींच्या तळ्यांनी पाणी दिले आणि त्यांच्या वाटांनी वर आणले, ही गोष्ट सोहळ्याच्या वर्णनात सहसा कोणी सांगत नाही.

लोककथा अशी की, काम चालू असता महाराज मोहिमेवर होते आणि द्रव्य संपले. तेव्हा हिरोजींनी आपले घरदार व शेतीवाडी विकून काम तडीस नेले. पुढे संतुष्ट झालेल्या महाराजांनी काय हवे ते मागण्यास सांगितले असता त्यांनी वतन मागितले नाही, धन मागितले नाही. जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर आपले नाव कोरण्याची अनुज्ञा मागितली, कारण दर्शनास येणाऱ्या महाराजांची चरणधूळ त्या नावावर पडावी. कथेचा भाग कथा म्हणून सोडला तरी पायरी खरी आहे. तीवर हिरोजी इटळकर या नावाने, आपण सेवेस सदैव सज्ज असल्याचे त्यांनी नोंदविले आहे. मंदिराच्या भिंतीवर शके 1596 चा संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विहिरी, तळी, वाडे, उद्याने, रस्ते, स्तंभ, गजशाळा व राजगृहे यांची गणना करून, हे सर्व हिरोजींनी निर्मिले असून चंद्रसूर्य असेतोवर ते नांदो, असा आशय आहे.

पुढे 1689 मध्ये गड मोगलांकडे गेला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या व राजवाडा आगीत भस्मसात झाला. लाकूड जळाले, छपरे गेली. परंतु जोती, बुरूज, तळी आणि ती पायरी राहिली. सन 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत रायगड आहे, आपला खांदेरी आहे आणि सिंधुदुर्गही आहे.

त्या पायरीकडे सर्वजण नम्रतेची खूण म्हणून पाहतात, आणि ते यथार्थच आहे. मला मात्र तीत आणखी एक अर्थ दिसतो. कामावर नाव कोरणे म्हणजे त्या कामाची जबाबदारी कायमची पत्करणे होय. भिंत खचली, तळे गळले, तर दोष कोणाचा हे पुढच्या पिढ्यांना शोधावे लागू नये, अशी ती लेखी हमी आहे. आज आपल्या ज्ञातीतील अनेक मुले स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन रस्ते, साकव, धरणे व शाळा बांधीत आहेत. त्यांतील काही माझ्याच वर्गातून गेली, याचा मला अभिमान आहे. परंतु पहिल्याच पावसात वाहून गेलेला रस्ता पाहिला की मनात प्रश्न येतो : याच्या कडेच्या दगडावर बांधणाऱ्याने आपले नाव कोरले असते काय?

तरुण बंधुभगिनींनी दुसऱ्या कोणास नव्हे, स्वतःस हा प्रश्न प्रत्येक कामाच्या अखेरीस विचारावा. ज्या दिवशी त्याचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी येईल, त्या दिवशी हिरोजींचे स्मरण खऱ्या अर्थाने झाले असे मी समजेन.