हजरत मख्दूम फकीह अली माहिमी (रह.) आणि गैबचे ज्ञान

दादरला लोकल गाडीत चढताना डब्याच्या भिंतीवर चिकटवलेली लहानशी पत्रके आपण पाहिली असतील. विवाह केव्हा जुळेल, परदेशगमन घडेल की नाही, हे घटकाभरात सांगण्याची हमी त्यांवर असते आणि खाली छापलेले नाव पुष्कळदा मुस्लिम असते. ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. त्याच दादरहून वीर सावरकर मार्गाने, म्हणजे जुन्या कॅडल रोडने, उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर माहीमचा दर्गा लागतो. तेथे विसावलेल्या विद्वानाचे चरित्र या पत्रकांशेजारी ठेवून पाहा.

हजरत अली माहिमी यांचा जन्म १३७२ साली, अरबस्तानातून येऊन कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या नवायत घराण्यात झाला. वडील शेख अहमद लवकर निवर्तले आणि संगोपनाचा भार माता फातिमा यांनी वाहिला, असे परंपरा सांगते. एका रात्री आईने पाणी मागितले. ते पाणी घेऊन आले तेव्हा तिचा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून ते पेला हाती धरून पहाटेपर्यंत उभे राहिले, ही कथा आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते.

दुसरी कथा याहून प्रसिद्ध आहे. माहीमच्या समुद्रकिनारी हजरत खिज्र (अलै.) यांनी त्यांना शिकवले, असे श्रद्धाळू लोक मानतात. याच कथेच्या आधारे कित्येकजण असा निष्कर्ष काढतात की ज्यांचे गुरू खिज्र, त्यांना उद्याचे सारे दिसत असले पाहिजे. परंतु सूरह कहफमधील (१८:६०-८२) प्रसंग नीट आठवा. तेथे नावेला भोक पाडले जाते, कारण पुढे एक राजा चांगल्या नावा बळकावत होता. एका मुलाचा प्राण घेतला जातो. पडू घातलेली भिंत मोबदल्याविना उभी केली जाते. आणि अखेरीस मूसा (अलै.) यांना स्पष्ट सांगितले जाते की यातले काहीही स्वतःच्या मर्जीने केलेले नाही. ते ज्ञान अल्लाहने दिले तेवढेच होते. मूसांसारख्या प्रेषितालाही ते सोसवले नाही, मग पाचशे रुपयांत ते कोण विकणार?

मख्दूम साहेबांनी मागे काय ठेवले, ते पाहावे. त्यांनी भाकितांची वही ठेवली नाही. अरबी भाषेतील कुरआनचे भाष्य ठेवले. ‘तब्सीरुर्रहमान’ या नावाने ते ओळखले जाते आणि एकोणिसाव्या शतकात काहिरा येथे छापले गेले. प्रत्येक सूरहच्या आरंभीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाशी जोडून दाखवणे आणि आयतींमधील परस्परसंबंध उलगडणे, ही त्याची खास रीत. इब्ने अरबी यांच्या ‘फुसूसुल हिकम’वरही त्यांनी टीका लिहिली. लोक त्यांना फकीह म्हणत, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार. माहीमच्या मुस्लिमांचे काझी म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

तो काळ निश्चिंतीचा नव्हता. माहीम गुजरातच्या सुलतानाकडे होते. त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बहमनी सैन्याने ते घेतले आणि गुजरातने पुन्हा जिंकले. उद्या कोणाचे राज्य असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी माणूस फाल काढणाऱ्याकडे धावतो, हे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे ते योग्य ठरत नाही.

मनाला चाहूल लागते, स्वप्न खरे ठरते, हे इस्लाम नाकारत नाही. चांगले स्वप्न हा प्रेषितत्वाच्या शेचाळीस अंशांपैकी एक अंश असल्याचे हदीसमध्ये आले आहे. मात्र स्वप्न पडणे वेगळे आणि भविष्य सांगण्याचा दावा करणे वेगळे. उद्या आपण काय कमावू आणि कोणत्या भूमीत मरू, हे कोणाही जीवाला ठाऊक नाही, असे सूरह लुकमान (३१:३४) सांगते. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे जाहीर करण्याची आज्ञा झाली की गैब ठाऊक असते तर त्यांनी पुष्कळ भले जमवले असते आणि त्यांना इजा पोहोचली नसती (७:१८८). भविष्यवेत्त्याला काही विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, ही ताकीदही हदीसमध्ये आहे. ज्या घरात मुलीचे स्थळ केवळ एखाद्या आमिलाच्या शब्दावरून मोडले जाते, तेथे इस्तिखाऱ्याच्या दोन रकअती पढण्याचे कोणालाच सुचत नाही, याचे दुःख वाटते.

१४३१ साली मख्दूम साहेबांचे निधन झाले. आईच्या शेजारीच त्यांची कबर आहे. डिसेंबरात उरूस भरतो आणि मुंबई पोलिसांचा संदल मानाने येतो. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी कुरआनची प्रत तेथे जपून ठेवलेली आहे. रमजानच्या एकोणतिसाव्या रात्री ती पाहण्यासाठी लोकांची रीघ लागते.