वाफेला वाट देणारा देनी पापँ

फ्रान्समधील ब्ल्वा शहराजवळ शितने नावाचे एक खेडे आहे. तेथे १६४७ साली देनी पापँ याचा जन्म झाला. त्याने शिक्षण घेतले वैद्यकाचे; पण त्याचे मन रमले ते यंत्रांत. पॅरिसमध्ये हायगेन्स या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली काही काळ काढून १६७५ मध्ये तो लंडनला गेला व रॉबर्ट बॉइल याच्याबरोबर हवेच्या पंपावर प्रयोग करू लागला.

उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले, की कितीही जाळ घातला तरी ते अधिक तापत नाही. भांडे घट्ट बंद केले, म्हणजे वाफ आत कोंडते, तिचा दाब वाढतो आणि पाणी आणखी तापते. हे हेरून पापँने १६७९ मध्ये जाड धातूचे, झाकण स्क्रूने आवळलेले एक भांडे तयार केले. त्यात कठीण हाडेही खाण्याजोगी मऊ होत. आपल्या घरातील प्रेशर कुकरचा हा पूर्वजच होय.

परंतु कोंडलेली वाफ मोठी हट्टी! तिला वाट मिळाली नाही, तर ती भांडे फोडून बाहेर पडेल. पापँने झाकणाला एक भोक पाडले आणि त्यावर लहानशी झडप बसविली. झडपेवर एक दांडी आडवी ठेवली. तिचे एक टोक खिळवले व दुसऱ्या बाजूला वजन टांगले. दाब मर्यादेबाहेर गेला, की वाफ झडप उचलून निसटे. दाब उतरला, की झडप आपोआप बसे. वजन पुढेमागे सरकवून ही मर्यादा ठरविता येई.

पापँ प्रॉटेस्टंट होता. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाचे स्वातंत्र्य काढून घेतले आणि मायदेशाचे दार त्याला बंद झाले. पुढे तो जर्मनीत मारबुर्ग येथे प्राध्यापक झाला. वाफेच्या साहाय्याने दट्ट्या हलविण्याची युक्ती त्याने १६९० मध्ये प्रसिद्ध केली. १७०७ मध्ये चाके लावलेल्या आपल्या नावेतून तो इंग्लंडकडे निघाला. पण नदीवरील वाहतुकीचा मक्ता असलेल्या नावाड्यांनी ती नाव वाटेतच मोडून टाकली. लंडनमध्ये जुने स्नेही उरले नव्हते. तेथेच १७१३ च्या सुमारास दारिद्र्यात त्याचा अंत झाला.

त्याची झडप मात्र पुढे बॉयलरांवर चढली. १८०३ मध्ये लंडनजवळील ग्रिनिच येथे ट्रेव्हिथिकच्या इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसे दगावली. झडपेची दांडी पान्याने अडकवून ठेवलेली होती. वाफेने उचलावी तरी कशी? त्यानंतर ट्रेव्हिथिकने एकाऐवजी दोन झडपा बसविण्यास आरंभ केला.

आज दांडीच्या जागी बहुधा स्प्रिंग असते, आणि तीही ठराविक काळाने उतरवून तपासावी लागते. कारण गंज, क्षार वा मळ यांमुळे झडप चिकटून बसते. पाण्यासाठीची झडप पाण्याने तपासतात, हवेची हवेने. वाफेच्या झडपेची परीक्षा मात्र खऱ्या वाफेनेच घेणे इष्ट, कारण तापलेली स्प्रिंग किंचित ढिली पडते व झडप थंडपणी ठरविलेल्या दाबाआधीच उघडू शकते. परीक्षा उतरली, की तिला तार गुंफून शिशाची मोहोर लावतात. मोहोर तुटलेली दिसली, की कोणीतरी स्प्रिंगला हात लावला, हे तपासनिसाला तत्काळ कळते.