भिंतीपलीकडच्या टाळ्या

आमच्या घरात बालगंधर्व म्हणजे देवघरातले प्रकरण होते. वडील रविवारी सकाळी अंघोळ करून ग्रामोफोनला चावी देत आणि तबकडी संपेपर्यंत घरात कोणी भांडे आपटायचे नाही, असा दंडक होता. मी स्वतः बालगंधर्वांना पाहिले नाही. ते १९६७ साली गेले तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. पण मराठी रंगभूमीवर गायले ते एकटे बालगंधर्वच, बाकीचे आपले होते, ही समजूत मी वारसाहक्काने घेतली आणि पंचविशी उलटेपर्यंत तशीच जपून ठेवली.

तिला पहिला धक्का बसला जालन्यात. १९८६ साली बँकेने माझी तिथे बदली केली. जालना जिल्हा होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. शाखेत कादराबादेतले एक वृद्ध व्यापारी मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला येत. पावती तयार होईपर्यंत माझ्यासमोर बसत. एकदा मी सहज बालगंधर्वांचा विषय काढला. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि मला विचारले, की केशवराव भोसल्यांचे काय करायचे? माझ्याकडे उत्तर नव्हते. संगीतसूर्य ही पदवी तेवढी ऐकली होती.

पुढची काही वर्षे, हपिसातून वेळ मिळेल तसा, मी या माणसाचा शोध घेत राहिलो. कादंबरी लिहायची होती. ती झाली नाही. का झाली नाही, तेही ओघात सांगतोच.

केशव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील लहानपणीच गेले. घरात दारिद्र्य असे, की आईला मुलाला नाटक कंपनीत धाडण्यावाचून दुसरा मार्ग सुचला नाही. कंपनीत निदान दोन वेळचे पोटाला मिळत होते. स्वदेशहितचिंतक मंडळीत हा पोर दाखल झाला तेव्हा शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. होता तो गळा. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात शारदेचे काम करणारा नट कंपनी सोडून गेला आणि नाइलाजाने या पोराला लुगडे नेसवून उभे करण्यात आले. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचे दुःख त्या कोवळ्या आवाजात ऐकून प्रेक्षक हलले आणि वन्समोअरची आरोळी उठली. केशवरावांच्या आयुष्यातल्या टाळ्यांची सुरुवात ही अशी, कोणी तरी सोडून गेल्यामुळे.

वन्समोअर हा आपल्या रंगभूमीचा मोठा विचित्र रिवाज. नायिका मरायला टेकलेली असो की नायक लढाईला निघालेला, पद आवडले की कथेने तिथेच थांबायचे. त्यामुळे संगीत नाटक रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चाले. हे आपलेच वेड असे मात्र समजू नये. फ्रांझ लिस्ट हा पियानोवादक १८४१ च्या अखेरीस बर्लिनला गेला, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका त्याचे हातमोजे आणि रुमाल मिळवण्यासाठी झटापटी करीत, असे सांगतात. हाइन या जर्मन कवीने त्या वेडाला एक नावच देऊन टाकले. पुढे युरोपातल्या श्रोत्यांनी शिस्त लावून घेतली. एकटा पियानोवादक आणि समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा, असा सामना असलेल्या रचनेतही मधल्या विरामांत टाळी वाजवायची नाही, सगळे संपल्यावर काय ते करायचे. आपल्याकडच्या श्रोत्याने ती शिस्त कधी मानली नाही. त्याला दाद तिथल्या तिथे द्यायची असते. उधारी त्याला मंजूर नाही.

केशवराव या रोखीच्या दादेवर वाढले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली तेव्हा वय होते सतरा.  रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाची तालीम त्यांनी घेतली. मामा वरेरकर या नव्या नाटककाराला हाताशी धरून १९१६ साली हुंड्याच्या प्रश्नावरचे ‘हाच मुलाचा बाप’ आणि १९१९ साली ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके रंगभूमीवर आणली. वीर वामनराव जोशांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मधली त्यांची मृणालिनी गाजली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. हे सगळे महत्त्वाचे आहे, पण माझे मन अडकले ते एका रात्रीत, आणि तुम्हालाही तिथेच न्यायचे आहे.

ती रात्र ८ जुलै १९२१ ची. लोकमान्य जाऊन वर्ष होत आले होते. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचा संकल्प देशाने सोडला होता आणि त्या फंडाला मदत म्हणून गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ‘मानापमान’ करणार होत्या. स्थळ मुंबईचे बालीवाला थिएटर. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव.

‘मानापमान’ची निवड मला नेहमी मार्मिक वाटते. काकासाहेब खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिल्यांदा झाले. त्याच दिवशी बालगंधर्वांचे मूल दगावले होते आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, हे मराठी माणसाला सांगायला नको. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पेटी वाजवता वाजवता बैठकींतून वेचलेल्या ठुमऱ्या-दादऱ्यांचा अर्क त्यांनी त्यात उतरवला होता. कथा श्रीमंत भामिनीची. ती गरीब सेनापतीचा अपमान करते आणि शेवटी त्याच्यावरच भाळते. आता रंगमंचावर पाहा. एकीकडे लोकमान्यांनी नाव ठेवलेला, भरजरी शालूतला, अवघ्या महाराष्ट्राचा लाडका नट. दुसरीकडे पोटासाठी कंपनीत आलेला कोल्हापूरचा पोर. भामिनीने धैर्यधराला त्याच्या गरिबीवरून हिणवायचे आणि त्याने गळ्याने उत्तर द्यायचे. नाटककाराने दहा वर्षे आधी जणू या दोघांसाठीच लिहून ठेवावे तसे.

तिकिटाचे दर त्या काळाच्या मानाने अवाच्या सवा होते आणि तरी ती मिळत नव्हती. दोघांचेही पक्ष होते. आजच्या क्रिकेटच्या सामन्यासारखे लोक आपापला माणूस जिंकतो का ते पाहायला आले होते. केशवरावांचा आवाज उंच पट्टीतला, धारदार, तानेला पल्ला मोठा. बालगंधर्वांचा गळा मऊ, लयीशी लाडिक खेळणारा, छोटी हरकत घेऊन जीव गुंतवणारा. या तुफानापुढे आपले नारायणराव टिकतील का, अशी धास्ती गंधर्वपक्षाला होती.

पण झाले वेगळेच. लढत पाहायला आलेल्यांना मैफल मिळाली. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले, असेच बहुतेक जुने लेखक सांगतात. एकाने पेटवायचे आणि दुसऱ्याने त्यावर आपले काही मांडायचे, पण विझवायचे नाही. टाळ्या आणि वन्समोअर दोघांनाही मिळाले. जिंकले कोण, यावर मात्र वाचावे तितकी मते. मी सुरुवातीला, हाडाचा बँकवाला म्हणून, वहीत दोन रकाने आखले होते. एकीकडे बालगंधर्व, दुसरीकडे केशवराव. कोणाच्या आठवणीत कोणाला झुकते माप, ते मांडत गेलो. ताळा कधीच जमला नाही.

माझी कादंबरी अडली ती इथेच. त्या रात्रीचे गाणे कुठेही नाही. तेव्हाच्या तबकडीत मावत तीन-साडेतीन मिनिटे, तीही कर्ण्यासमोर उभे राहून गायलेली. थिएटरातला चालता प्रयोग टिपण्याची सोयच नव्हती. हाती उरले ते ऐकणाऱ्यांचे काय झाले एवढेच. गाण्याशिवाय टाळ्या. यावर कादंबरी कशी लिहायची?

त्यानंतर दोघांनी ‘सौभद्र’ही एकत्र केले. ही जोडी वर्षानुवर्षे चालेल, असे लोकांना वाटले असणार. केशवरावांना विषमज्वर झाला आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ते गेले. व्याजाचे दिवस मोजण्याची सवय जात नाही, म्हणून मोजले. बालीवालातल्या रात्रीनंतर ८८ दिवस. वय एकतीस. बालगंधर्वांना पुढे आणखी शेहेचाळीस वर्षे मिळाली. त्यांत कर्ज, उतरता काळ, मानसन्मान, सारे आले. त्यांचे म्हातारपण आपण पाहिले, त्यांच्या तबकड्या जपल्या. केशवरावांच्या वाट्याला हे काहीच नाही. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे नेली, हीच काय ती समाधानाची गोष्ट.

कोल्हापूरकर मात्र विसरले नाहीत. शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला त्यांनी केशवरावांचे नाव दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्या नाट्यगृहाला आग लागली आणि रंगमंच, छत, सारे जळाले. मी टीव्हीसमोर बसून होतो. बाहेर रस्त्यावर माणसे उभी होती, त्यांत रडणारीही होती. त्यांच्यापैकी एकानेही केशवरावांना ऐकलेले असणे शक्य नव्हते.

तेव्हा मला जालन्याचे ते वृद्ध आठवले. त्यांनी मागे एकदा, पावती हातात घेतल्यावरही न उठता, आपल्या वडिलांची हकिकत सांगितली होती. वडिलांचा सरकी-कापसाचा व्यापार. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात. मनमाडला गाडी बदलून ते कामासाठी मुंबईला गेले होते आणि नेमके त्या दिवशी तिथे होते. तिकीट मिळाले नाही. मग पावसात, छत्री उघडून, थिएटरच्या भिंतीशी उभे राहिले. गाणे काही नीट ऐकू येईना. मधूनच आतून टाळ्यांचा लोट येई, मग सामसूम, मग पुन्हा लोट. बऱ्याच रात्री ते परतले.

गावी आल्यावर लोकांनी घेरले, की सांगा, कोण सरस? त्यांनी सांगितले म्हणे, की टाळ्या खूप होत्या, पण कोणासाठी ते बाहेरून कळत नव्हते. हकिकत कितपत खरी, ते बापलेकांबरोबर गेले. म्हातारबांनी पावती घडी करून कोटाच्या खिशात ठेवली, आणि पुढच्या वर्षी व्याजाचा दर काय राहील, ते विचारून उठले.