एलियट नेस : थरारकथेतला नायक आणि खरा माणूस

तुमच्यापैकी बरेच जण आता गुन्हेगारी थरारकथा वाचायला लागले आहेत. अमेरिकेतल्या फेडरल अधिकाऱ्याच्या मालिकेचं एक पुस्तक संपलं की लगेच दुसरं हवं असतं. फेडरल म्हणजे राज्याच्या किंवा शहराच्या पोलिसांतला नव्हे, तर तिथल्या केंद्र सरकारचा माणूस. पुस्तकातला हा नायक कमालीचा हुशार, कुणाला न घाबरणारा, आणि शेवटच्या पानावर हमखास जिंकणारा. असा कुणी खरंच असतो का? दरवर्षी वर्गात कुणीतरी हे विचारतंच. म्हणून आज एलियट नेस यांच्याविषयी.

एलियट नेस यांचा जन्म १९ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. आईवडील नॉर्वेहून आलेले, पाव-बिस्किटांची बेकरी चालवणारे. पाच भावंडांत एलियट सगळ्यात धाकटा. अबोल मुलगा, पण वाचनाचं भारी वेड. त्यातही शेरलॉक होम्सच्या गोष्टी म्हणजे जीव की प्राण! म्हणजे बघा, पुढे ज्याच्यावर थरारकथा निघाल्या तो मुळात तुमच्यासारखाच एक वाचक होता.

१९२५ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची पदवी घेतली. पहिली नोकरी अगदी रुक्ष होती. उधारी मागणाऱ्या लोकांची पत कशी आहे याची चौकशी करायची. काही काळाने, आधीपासून सरकारी तपास खात्यात असलेल्या मेव्हण्यांच्या ओळखीने ते दारूबंदी खात्यात आले.

तेव्हा अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. १९२० मध्ये ती लागू झाली आणि १९३३ मध्ये उठली. पण कायद्याने दारू बंद झाली म्हणून पिणारे थोडेच थांबतात? धंदा टोळ्यांच्या हातात गेला. शिकागोत अल कपोनचं राज्य होतं आणि पोलिसांपासून पुढाऱ्यांपर्यंत कितीतरी लोक त्याच्या पैशावर पोसलेले होते. छापा पडणार ही बातमी छाप्याआधीच पोहोचायची. त्यामुळे अडचण गुन्हेगार ओळखण्याची नव्हतीच. कपोन कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. विकत न जाणारी माणसं सापडणं, हेच कठीण होतं.

१९३० च्या अखेरीस नेस यांच्याकडे एक छोटं पथक सोपवण्यात आलं. वय फक्त २७. माणसं पारखून घेतली, जेमतेम दहाएक. मोठ्या ट्रकच्या तोंडाला पोलादी अडसर बसवून हे लोक बिअरच्या चोरट्या कारखान्यांची दारं फोडून आत घुसत. टेलिफोनवरची बोलणी चोरून ऐकत. आठवड्याला दोन हजार डॉलर देऊ करून पाहिले गेले, असं सांगतात. नेस यांचा वर्षाचा पगारही तीन हजारांपर्यंत पोहोचत नव्हता! त्यांनी पैसे घेतले नाहीत. वर्तमानपत्रांनी पथकाला ‘अनटचेबल्स’ हे नाव दिलं. (या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ इथे लावू नका. लाचेचा पैसा ज्यांना शिवू शकत नाही ते, एवढाच इथे अर्थ.)

आता खरी गंमत. दारूबंदी मोडल्याचे पाच हजार आरोप नेस यांच्या पथकाच्या कामातून कपोनवर ठेवले गेले, पण तो खटला चाललाच नाही. कपोनला ऑक्टोबर १९३१ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकवल्याबद्दल. ते काम फ्रँक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं होतं. महिनोन्महिने हिशेबाच्या वह्या चाळत बसलेली माणसं ती! त्यांच्यावर मालिका कोण काढणार? नेस यांनी टोळीच्या कमाईचे झरे आटवले, हे मात्र खरं.

डिसेंबर १९३५ मध्ये क्लीव्हलँड शहराने त्यांना सार्वजनिक सुरक्षेचे प्रमुख नेमलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि ते पडद्यावर फारसं दिसत नाही. लाचखोर पोलीस अधिकाऱ्यांविरुद्ध त्यांनी स्वतः पुरावे गोळा केले. काहींना तुरुंगात जावं लागलं. वाहतुकीला शिस्त आली. टोळ्या करून फिरणाऱ्या पोरांसाठी त्यांनी क्लब आणि खेळ सुरू केले.

पण तिथेच एक खुनी त्यांच्या हाती लागला नाही. १९३५ ते १९३८ या काळात १२ खून झाले. शेवटी ऑगस्ट १९३८ मध्ये नेस यांनी गरीब, बेघर लोकांची झोपडवस्ती रिकामी करून जाळून टाकली. खुनी तिथूनच माणसं निवडतो, असा त्यांचा कयास होता. ज्यांच्याकडे आधीच काही नव्हतं त्यांचं छप्परही गेलं. लोक चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं.

मग उतरण लागली. १९४२ मध्ये मद्य घेऊन गाडी चालवताना अपघात झाला आणि त्यांनी तिथे आपली ओळख लपवली. बोभाटा झाला, पद सोडावं लागलं. दारूबंदीचा अधिकारी म्हणून नावाजलेला माणूस, आणि पाय घसरला तो असा. १९४७ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवली. विरोधकाला जवळजवळ दुप्पट मतं पडली. पुढे पुस्तकांच्या दुकानात विक्रेता, इकडे तिकडे किरकोळ कामं. कर्ज होतंच.

पेनसिल्व्हेनियातल्या कौडरस्पोर्ट या लहानशा गावी राहत असताना ऑस्कर फ्रेली या पत्रकाराबरोबर त्यांनी शिकागोच्या दिवसांचं पुस्तक केलं. फ्रेलींनी त्यात बराच मसाला भरला. १६ मे १९५७ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, नेस हृदयविकाराने घरीच गेले. पुस्तक बाहेर आलं ते त्यानंतर.

१९५९ पासून दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिच्यातले नेस अशाही गुन्हेगारांचा पाठलाग करतात ज्यांच्याशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता. एफबीआयने तर आमचं काम यांच्या नावावर दाखवता म्हणून तक्रारही केली. १९८७ मध्ये चित्रपट आला. नेस यांच्या अस्थी मात्र १९९७ पर्यंत तशाच होत्या. चाळीस वर्षांनी क्लीव्हलँडच्या लेक व्ह्यू दफनभूमीतल्या तळ्यात त्या विसर्जित करण्यात आल्या.