हादरे, उष्णता आणि लॉर्ड रॅले

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी ऐन थंडीत तंबूत रात्री काढल्या. भूकंपात जमिनीच्या पृष्ठभागालगत धावणारी एक लाट 'रॅले लाट' म्हणून ओळखली जाते. आपल्या हीट ट्रान्सफरच्या पेपरातला रॅले नंबर आहे ना, तोही याच माणसाचा!

जॉन विल्यम स्ट्रट ऊर्फ लॉर्ड रॅले यांचा जन्म १८४२ साली इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये झाला. लहानपणी तब्येतीमुळे शाळा सारखी बुडायची, तरी १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. घरी जमीनजुमला भरपूर, पण गड्याने राहत्या वाड्यातच प्रयोगशाळा थाटली.

भांडं वर-खाली हलवलं की पाण्यावर हादऱ्याच्या निम्म्या वारंवारतेने लाटा उठतात, हे फॅरेडेने १८३१ मध्ये पाहिलं होतं. रॅले यांनी १८८३ मध्ये ते पडताळून दाखवलं. १८८५ मध्ये पृष्ठभागावरच्या लाटेचं गणित मांडलं. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनातून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. दुसऱ्या कुणी ते वजनातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. यांनी पिच्छा पुरवला, रॅम्झी यांच्यासोबत आरगॉन शोधला आणि १९०४ चं नोबेल मिळवलं.

सत्तरी ओलांडल्यावर, १९१६ मध्ये, त्यांनी खालून तापवलेल्या द्रवाचं गणित सोडवलं. गरम द्रव वर जाऊ बघतो. चिकटपणा आणि उष्णतेचं वहन त्याला अडवतात. वर-खाली घट्ट झाकलेल्या थरात रॅले नंबर साधारण १७०८ च्या पुढे गेला की द्रव फिरू लागतो. या सूत्रात 'जी' आहे. पेटीच वर-खाली हलवली, तर आतल्या द्रवाच्या दृष्टीने 'जी' कमी-जास्त होत राहतो. १९७० मध्ये ग्रेशो आणि सानी यांनी दाखवलं, की ठरावीक हादऱ्यांनी हा प्रवाह रोखता येतो, तर काही हादऱ्यांनी उलट तो भडकतो. अंतराळयानातल्या प्रयोगांत हा हिशोब कामाला येतो.

डहाणूचे धक्के काही सेकंदांचे, त्यामुळे मेसच्या चहाच्या पातेल्यात असलं काही घडणार नाही. भिंतींना मात्र तडे जातात.

रॅले १९१९ मध्ये वारले. छोट्या फरकाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे त्यांच्याकडून घ्यावं. उद्या धुंदलवाडीत घर बांधायची वेळ आपल्यापैकीच कुणावर येईल!