नागेशभट्ट काळे : शब्दार्थाच्या नात्याचे चिंतक

पाणिनी, कात्यायन व पतंजली हे मुनित्रय आपल्या परिचयाचे आहे. त्यांच्या परंपरेतील अखेरचे थोर तत्त्वचिंतक मानले जाणारे नागेशभट्ट हे मराठी घराण्यातील होते, हे मात्र आपणांपैकी अनेकांना नवे वाटेल.

नागोजीभट्ट या नावानेही ते ओळखले जातात. त्यांचे उपनाव काळे, वडिलांचे नाव शिवभट्ट व आईचे सती. सतराव्या शतकाची अखेर व अठराव्या शतकाचा पूर्वार्ध हा त्यांच्या कार्याचा काळ. काशीत भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांच्याकडे त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. प्रयागजवळील शृंगवेरपूरचा राजा रामसिंह याचा त्यांना आश्रय होता. सवाई जयसिंगाने त्यांना अश्वमेधाचे निमंत्रण धाडले. परंतु काशी न सोडण्याचे व्रत घेतल्यामुळे त्यांनी ते नाकारले, असे परंपरा सांगते.

एका जागी राहून त्यांनी कोणत्या प्रश्नाचा ध्यास घेतला? 'कमळ' हा शब्द उच्चारून पाहा. 'ळ' ऐकू येईपर्यंत 'क' विरून गेलेला असतो. मग अर्थ कोण सांगते? वैयाकरणांचे उत्तर आहे : क्रमाने येणारे ध्वनी ज्याला केवळ प्रकट करतात, तो अखंड स्फोट. भर्तृहरींच्या मार्गाने जात नागेशभट्टांनी वाक्यस्फोट मुख्य मानला. मराठीतील 'हात दे' हे उदाहरण घ्या. 'मदत कर' हा त्याचा अर्थ दोन शब्दांच्या बेरजेतून मिळत नाही. तो पूर्ण वाक्यातूनच उमगतो. परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी या चार वाणींपैकी कानांना ऐकू येते ती वैखरी. अर्थवाचक स्फोटाचा संबंध नागेशभट्टांनी अंतरातील मध्यमेशी जोडला.

त्यांना अपत्य नव्हते. 'शब्देन्दुशेखर' हा पुत्र आणि 'मंजूषा' ही कन्या मानून त्यांनी हे ग्रंथ शिवचरणी अर्पण केले. वैद्यनाथ पायगुंडे यांच्यासारख्या शिष्यांनी त्यांची विद्या पुढे नेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी त्यांच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. पाठशाळांतून तो आजही शिकवला जातो.

उच्चारलेला ध्वनी क्षणात नाहीसा होतो, अर्थ मात्र श्रोत्याजवळ उरतो. तो कसा उरतो, हाच नागेशभट्टांच्या आयुष्याचा प्रश्न होता. स्फोटसिद्धान्त अभ्यासताना तो आपणही स्वतःला विचारावा.