झाशीच्या बाईसाहेब

उधळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी घट्ट बांधलेले लहान मूल! ग्वाल्हेर, नागपूर, पुणे अशा कितीतरी शहरांत हे दृश्य पुतळ्याच्या रूपाने उभे आहे. सुभद्राकुमारी चौहान यांनी हिंदीत आणि भा. रा. तांबे यांनी मराठीत या वीरांगनेवर कविता रचल्या. वृंदावनलाल वर्मा यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. १९५३ साली सोहराब मोदी यांनी तिची कथा चित्रपटाच्या पडद्यावर आणली. वीर म्हटला की तलवार आलीच, असे आपण मानतो. परंतु झाशीच्या राणी लक्ष्मीबाई रणात उतरल्या त्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या काळात. त्याआधी तीन वर्षे त्यांची लढाई चालली होती, ती कागद आणि लेखणी यांच्या बळावर.

लक्ष्मीबाईंचा जन्म काशीचा. त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका. घरी सारे तिला मनू म्हणत. वडील मोरोपंत तांबे हे पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. चिमाजीअप्पा निवर्तल्यावर मोरोपंत ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास आले. मनूची आई भागीरथीबाई लवकरच वारली. आईवेगळी मनू त्या वाड्यात पुरुषमंडळींच्या सहवासात वाढली आणि लिहिण्यावाचण्याबरोबर घोड्यावर बसण्यासही शिकली. १८४२ साली झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि मनूची लक्ष्मीबाई झाली.

१८५१ साली त्यांना पुत्र झाला. पण तो अवघ्या काही महिन्यांतच गेला. या दुःखाने गंगाधरराव खचले. १८५३ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी आपल्या कुळातील एका लहान मुलास दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. दत्तविधानाच्या दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांचे निधन झाले. त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी हा दत्तक राज्याचा वारस म्हणून मान्य केला नाही. १८५४ साली झाशीचे राज्य खालसा झाले आणि राणीस दरमहा ५००० रुपयांचे वेतन ठरले.

आता तलवार उपसावी, असे कोणासही वाटले असते. लक्ष्मीबाईंनी मात्र झाशीचे इंग्रजांशी झालेले जुने करारमदार काढले, अर्ज लिहिले, जॉन लँग नावाच्या वकिलाचा सल्ला घेतला आणि थेट लंडनपर्यंत दाद मागितली. उत्तर प्रत्येक वेळी नकाराचेच आले.

१८५७ च्या जून महिन्यात झाशीतील शिपायांनी बंड केले. किल्ल्यात आश्रय घेतलेले इंग्रज बायकामुलांसह बाहेर आले, तेव्हा त्यांना जोखनबागेत ठार मारण्यात आले. शिपाई दिल्लीकडे निघून गेले. राणींनी सागर विभागाच्या इंग्रज अधिकाऱ्यास पत्रे पाठवून घडले ते कळविले. इंग्रजी अंमल परत बसेपर्यंत कारभार तुम्हीच पाहावा, असे त्या अधिकाऱ्याचे उत्तर आले. पुढे इंग्रजांनी त्या हत्येचा दोष राणींच्याच माथी मारला. ज्या राज्यासाठी त्यांनी इतकी वर्षे अर्ज केले, ते त्यांच्या हाती आले ते असे, आणि तेही जेमतेम दहा महिन्यांकरिता.

त्या दिवसांतील झाशी प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवणारा एक मराठी माणूस सुदैवाने तेथे होता. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने उत्तरेकडे गेले होते. ते बंडाच्या वावटळीत सापडले आणि झाशीस येऊन राहिले. त्यांनी केलेल्या वर्णनात बाईसाहेबांची दिनचर्या आहे. पहाटे उठून मल्लखांबाची मेहनत आणि घोड्यावर रपेट, मग स्नान, पूजा, दानधर्म, आणि तिसऱ्या प्रहरी दरबार. दरबारात त्या कधी पायजमा, अंगरखा व डोक्यास फेटा अशा पुरुषी वेषात येत, तर कधी शुभ्र पातळ नेसून. कागद वाचून स्वतः हुकूम लिहीत. घोड्याची पारख करण्यात तर त्यांचा हात धरणारा विरळा.

एकदा थंडीच्या दिवसांत त्या महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतत असता रस्त्यात गोरगरिबांची गर्दी जमली. बाईसाहेबांनी चौकशी केली. थंडीने जीव जात आहे, पांघरायला काही नाही, असे त्यांना समजले. लगेच शहरातील शिंपी कामास लागले आणि चौथ्या दिवशी त्या सर्वांना टोप्या, बंड्या व घोंगड्या वाटण्यात आल्या. लढाईत जखमी झालेल्यांची मलमपट्टी होत असताना त्या स्वतः जवळ उभ्या राहत. पुतळ्यांत हे कोठेच दिसत नाही. दगडाला आणि धातूला ते दाखविणे कठीणच.

१८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज यांची फौज झाशीपुढे येऊन ठेपली. शरण गेले असते, तर जीव वाचला असता की नाही, कोण जाणे! लक्ष्मीबाईंनी शहराचे दरवाजे बंद केले. सरदार गुलाम गौसखान तोफा चालवीत होता. रात्री पडलेली भगदाडे पहाटेपर्यंत बुजविली जात. तटावर स्त्रियाही दारूगोळा वाहताना शत्रूने दुर्बिणीतून पाहिल्या. तात्या टोपे सुमारे २०,००० फौजेनिशी मदतीस धावले. पण १ एप्रिल रोजी बेटवा नदीच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिल रोजी इंग्रज शहरात शिरले. घरोघर कत्तल झाली, वाडे पेटले. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या ग्रंथालयातील पोथ्यांची पाने रस्त्यावर उडू लागली. किल्ल्यावरून हे सारे पाहताना राणींना शोक आवरेना. आपल्यामुळे रयतेवर हा प्रसंग आला, असे वाटून त्यांनी स्वतःस जाळून घेण्याचे ठरविले होते, असे गोडसे सांगतात. एका वृद्ध सरदाराने त्यांना त्यापासून परावृत्त केले.

४ एप्रिलच्या रात्री त्या मोजक्या स्वारांनिशी बाहेर पडल्या. पाठीशी दामोदरराव होता. पण तो पुतळ्यांतल्यासारखा अंगावरचा तान्हा नव्हता, आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. एवढा भार घेऊन त्यांनी काल्पीपर्यंतची सुमारे १०० मैलांची दौड एका दिवसरात्रीत पुरी केली. मागे राहिलेले मोरोपंत पकडले गेले आणि इंग्रजांनी त्यांना फाशी दिले.

यानंतर काल्पीच्या वाटेवर गोडसे यांना त्या पुन्हा एकदा भेटल्या. पराभवानंतर परतणारे पाच-चार स्वार एका विहिरीपाशी थांबले होते. त्यांत पठाणी वेष केलेला, धुळीने माखलेला, तहानेने व्याकूळ झालेला एक स्वार होता. गोडसे यांनी पाहिले तो त्या बाईसाहेब! ते पाणी शेंदू लागले, तोच त्यांनी विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून त्यांचे हात थांबविले. मडके घेऊन स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने पिऊन तहान भागविली. एका विधवेला पोटापुरते तांदूळ मिळाले तरी पुरे होते, या उद्योगाची तिला गरज नव्हती. पण धर्माच्या अभिमानाने हे हाती घेतले आणि त्यात यश आले नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली. मग घोड्यावर बसून त्या निघून गेल्या.

काल्पी पडली. १ जून रोजी राणी, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. तेथे विजयाचे समारंभ सुरू झाले, आणि रोज यांची फौज तर वाटेवरच होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. स्वाराच्या वेषात लढताना लक्ष्मीबाई घायाळ झाल्या आणि मरण पावल्या. शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी सोबत्यांनी त्यांच्या देहास अग्नी दिला. बंडातील सर्व सेनानायकांत ही सर्वांत शूर होती, अशी कबुली ह्यू रोज यांनीच दिली. पुढे १९४३ साली सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांची पलटण उभारली, तिला झाशीच्या राणीचेच नाव देण्यात आले.

दामोदरराव त्या रणातून वाचला. राणींच्या काही इमानी माणसांनी त्याला घेऊन रानावनांत दिवस काढले, अन्नासाठी दागिने विकले. अखेर इंग्रजांनी त्यास इंदुरास ठेवले व लहानशी नेमणूक करून दिली. झाशीचे राज्य त्याला कधीच मिळाले नाही. १९०६ साली इंदुरातच तो वारला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ साली, चिंतामण विनायक वैद्य यांनी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले आणि विहिरीपाशी ओंजळीने पाणी पिणाऱ्या बाईसाहेब मराठी वाचकांस प्रथमच दिसल्या.